कल्हई उडालेले पातेले

गेल्या महिन्यातली गोष्ट. किन्हवलीच्या माझ्या दवाखान्यात सकाळी सकाळी एक सासू आणि सून सात महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. बाळाला साधी सर्दी होती. तपासून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाळ काय काय खातं?" सून म्हणाली, "अंगावर पितं, पण पुरत नाही. म्हणून महिन्यापासून वरचं दूध लावलंय. घरच्याच म्हशीचं." मी पुढचा प्रश्न केला, "दूध तापवता कशात?"

सासूबाईंना हा प्रश्न फार आवडला. त्या कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टर, माळ्यावरचं जुनं पितळेचं पातेलं मुद्दाम खाली काढलं. माझ्या सासूचं आहे ते. हल्ली मोबाईलवर सगळे सांगतात ना, तांबं-पितळ तब्येतीला चांगलं म्हणून. बाळाचं दूध त्यातच तापवते नि त्यातच ठेवते."

"कल्हई कधी केली होती त्याला?"

त्या हसल्या. "कल्हईवाला आता कुठे फिरतो, डॉक्टर?"

बाळ ठणठणीत होते. पोट मऊ होते, यकृत वाढलेले नव्हते. सर्दीचे औषध लिहून द्यायला मला दोन मिनिटे लागली. पण त्या पातेल्याविषयी मी त्यांच्याशी चांगला अर्धा तास बोललो. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी बोललो. का, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

पोट मोठे, हातपाय काड्या

मी १९८२ साली या भागात दवाखाना सुरू केला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरचा दीड वर्षाचा मुलगा माझ्याकडे आला. तक्रार म्हणाल तर काहीच ठळक नव्हती. मूल किरकिर करते, जेवत नाही, अंगात बारीक कसर असते, आणि पोट तेवढे वाढत चालले आहे. पोटावर हात ठेवला तर यकृत बरगडीखाली चार बोटे उतरलेले, दगडासारखे कडक, आणि त्याची कड पानाच्या कडेसारखी पातळ लागली. कावीळ नव्हती. मी टॉनिक दिले, लोहाचे औषध दिले, तिखट-तेलकट बंद करायला सांगितले. दोन महिन्यांत डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झाले, हातपायांच्या काड्या झाल्या. मुंबईला नेले. तिथून ते मूल परत आले नाही.

त्याच घरात आधीचा मुलगा असाच गेला होता, हे मला नंतर कळले. गावात कोणी दृष्ट म्हणे, कोणी मुडदूस म्हणे, कोणी घराण्यालाच दोष आहे म्हणे. बायका एवढेच म्हणत, "पोराला लिव्हर झालं." यकृत हा अवयव प्रत्येकाला असतो, पण आपल्याकडे 'लिव्हर होणे' हा एक आजारच होता.

मी त्या आईला पुष्कळ प्रश्न विचारले होते. घरात कोणाला कावीळ झाली होती का, पाणी कुठले पिता, कोणती औषधे दिली. दूध कशात तापवता, हा प्रश्न मी विचारला नाही. तो विचारायचा असतो, हेच मला ठाऊक नव्हते. त्या घरी मी दोनदा चहा प्यायलो होतो. चुलीशेजारचे दुधाचे पितळी पातेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

शंभर वर्षांचे कोडे

या आजाराला वैद्यकात 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' म्हणतात. सिऱ्होसिस म्हणजे यकृताच्या पेशी मरून तिथे निबर तंतूंचे जाळे तयार होणे. असे यकृत आक्रसते, कडक होते आणि काम सोडते. मोठ्या माणसांत दारूमुळे किंवा जुन्या काविळीमुळे ते होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दूधपित्या मुलांना ते का व्हावे? कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली या आजाराचे वर्णन लिहिले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे हे कोडे कोणाला सुटले नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयातली, विशेषतः एक ते तीन वर्षांची मुले जात. कावीळ दिसू लागली की बहुतेक मुले काही महिन्यांचीच सोबती असत.

कोडे विचित्र होते. आजार शहरापेक्षा खेड्यात जास्त होता. पण खेड्यातही सर्वांत गरीब घरात नाही, तर ज्या घरात दूधदुभते आहे अशा घरात. एका घरात एकापाठोपाठ दोन-तीन भावंडे जात आणि शेजारच्या घरात एकही नाही. विषाणू म्हणावा तर तो पसरत नव्हता. कुपोषण म्हणावे तर ज्यांच्या घरात खायला होते त्यांचीच मुले जात होती. घराण्याचा दोष म्हणावा तर पुढे तो आजार एका पिढीत नाहीसा कसा झाला? रक्तातला दोष इतक्या लवकर जात नसतो.

पुण्यात धागा सापडला

पहिला धागा सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. १९७८ साली अशा मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले, तेव्हा पेशींमध्ये तपकिरी कण दिसले. ते कण तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. मग तांबे मोजले. निरोगी यकृत वाळवून मोजले तर एका ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते. या मुलांच्या यकृतात ते कित्येकदा हजाराच्या वर गेलेले होते.

इतके तांबे दीड वर्षाच्या मुलाच्या अंगात आले कुठून? इंग्लंडचे बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर हे काम हाती घेतले. पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अशी मुले या रुग्णालयात येत. या मंडळींनी जे केले ते ऐकायला अगदी साधे आहे. त्यांनी आयांना विचारले. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कोणाचे? कशात तापवले? कशात ठेवले? आणि हेच प्रश्न आजारी मुलाशी जोडी जुळेल अशा निरोगी मुलाच्या आईलाही विचारले. केवळ आजाऱ्याचे ऐकून चालत नाही. दोघांच्या उत्तरांत फरक कुठे पडतो, ते पाहावे लागते.

फरक दुधाच्या भांड्यात पडला. आजारी मुलांना वरचे दूध लवकर, कित्येकदा पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जात होते. १९८३ साली या मंडळींनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ही शक्यता मांडली. १९८७ साली जोड्यांची तुलना प्रसिद्ध झाली आणि शंका बळावली.

दूध कळकत नाही, म्हणून

आपल्या आज्यांना हे अर्धे ठाऊक होते. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवले की ते 'कळकते', हिरवट होते, तोंडात घेववत नाही. चिंचेचे सार, कोकमाचे पाणी, लिंबू यांचेही तेच. म्हणून आंबट पदार्थ पितळेत ठेवायचा नाही आणि भांड्याला वेळच्या वेळी कल्हई करायची, हा घराघरातला दंडक होता. पण दूध आंबट नाही. ते कळकले असे जिभेला कळत नाही. आणि इथेच फसगत झाली. दुधातल्या केसिन या प्रथिनाला तांब्याची मोठी ओढ असते. पातेल्याच्या उघड्या पितळेतले तांबे ते धरून ठेवते. दूध तापवले, तासन् तास तसेच ठेवले, पुन्हा तापवले, की दर खेपेला त्यात भर पडते.

मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तातून बाहेर टाकते. लहान बाळाची ही व्यवस्था कच्ची असते. शिवाय बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा साठा घेऊन येते. आईच्या दुधात तांबे बेताचे असते, म्हणून पहिले काही महिने तो साठा त्याला पुरतो आणि हळूहळू उतरतो. तो उतरण्याच्या दिवसांतच पितळेतले दूध सुरू झाले, तर भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतण्यासारखे होते.

आता जुने कोडे पुन्हा पाहा. आमच्या भागातल्या कातकरी वाडीवर म्हैस नव्हती आणि पितळही नव्हते. मूल दोन-अडीच वर्षे आईच्या अंगावर पीत असे आणि घरात असलीच तर जर्मनची भांडी असत. त्या मुलांना दुसरे शंभर आजार होते, पण हा नव्हता. ज्या घरी म्हैस होती, लग्नात आलेली पितळी भांडी होती, आणि कल्हई उडाली तरी कल्हईवाला येईपर्यंत वाट पाहायची रीत होती, तिथे हा आजार गेला. आईचे दूध लवकर तुटले ते भावंडांचेही लवकर तुटले, आणि पातेले तर तेच होते.

सगळ्याच पितळी पातेल्यांच्या घरांत मुले गेली नाहीत, हेही खरे. काही मुलांच्या शरीरातच तांबे बाहेर टाकण्याची कुवत जन्मतः कमी असावी आणि भांड्याने त्यात भर घातली असावी, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. तांबे हेच एकमेव कारण, हे काही संशोधकांनी मान्य केलेले नाही. पण याला एक साक्ष फार दुरून मिळाली. ऑस्ट्रियाच्या टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अगदी अशाच आजाराने गेल्याची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. तिथेही गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवून बाळांना देत. तिथेही काही घराण्यांतच आजार होता. आणि ती भांडी वापरातून गेली तसा आजारही गेला.

आपल्याकडे तेच झाले. स्टील आणि जर्मन घरोघरी आले, पितळ माळ्यावर गेले, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हा आजार दुर्मीळ होत गेला. आज तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला असतो. औषधाचीही माहिती याच काळात हाती आली. डी-पेनिसिलामाइन नावाचे औषध शरीरातले तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढते. पुण्याच्या डॉक्टरांनी ते वापरले तेव्हा कावीळ होण्याआधी आलेली कितीतरी मुले वाचली, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले तर ती चांगली वाढलेली दिसली. उशिरा आलेली बहुतेक गेली. माझ्याकडचे ते मूल पहिल्यांदा आले तेव्हा त्याला कावीळ नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

ग्लासगो आणि बिजनौर

कोणी म्हणेल, डॉक्टर जुनी गोष्ट उगाळत आहेत. तर दोन अलीकडच्या गोष्टी सांगतो.

मार्च २०२२ च्या अखेरीस स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या लक्षात आले की, तीन आठवड्यांत तीन ते पाच वर्षांची पाच मुले तीव्र काविळीने आली आहेत आणि कोणाच्याही रक्तात काविळीचे नेहमीचे विषाणू नाहीत. एरवी अशी मुले वर्षात चारही येत नसत. त्यांनी ताबडतोब कळवले. जगभर नोंदी सुरू झाल्या. ८ जुलै २०२२ पर्यंत ३५ देशांतून अशी १०१० मुले नोंदली गेली. त्यातली २२ दगावली आणि काहींना यकृत बदलावे लागले. पुढे तपासात अ‍ॅडिनोव्हायरस, त्याच्या सोबतीने वाढणारा एएव्ही-२ नावाचा एरवी निरुपद्रवी विषाणू, आणि मुलांमधील विशिष्ट जनुक असा तिहेरी योग संशयित ठरला. ही साखळी हाती लागली, कारण कोणीतरी 'एवढी मुले एकदम कशी?' असे म्हणून मोजले.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. उत्तर प्रदेशाच्या पश्चिमेकडील बिजनौर, सहारनपूर भागात पावसाळा सरला की दरवर्षी लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन जात. मेंदूज्वर म्हणून वर्षानुवर्षे नोंद होत राहिली. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी आजारी आणि निरोगी मुलांची तुलना केली, तेव्हा २००७ साली कारण सापडले. ती मुले खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खात होती. त्या विषाने यकृत, मेंदू आणि स्नायू एकदम बिघडत.

हा कासविंदा आपल्या बांधावर, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला उगवतो. आपण पावसाळ्यात ज्याची भाजी खातो त्या टाकळ्याचा तो भाऊ. टाकळ्याची पाने टोकाला गोलसर आणि बहुधा तीन जोड्यांची असतात, कासविंद्याची टोकदार आणि जास्त जोड्यांची, आणि चुरगळली की उग्र घाण वास येतो. फुले दोघांचीही पिवळी. मुलांना तो ओळखायला शिकवा, आणि शाळेच्या, अंगणवाडीच्या आवारात असेल तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका.

घरी काय सांभाळाल?

१. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर वरचे अन्न सुरू करा, पण दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजणे सोडू नका. तांब्याचेच काय, इतर पुष्कळ आजारांचे दार त्याने बंद होते.

२. बाळाचे दूध, पेज, खिमट स्टीलच्या भांड्यात करा. पितळ, तांबे, काशाचे बोंडले किंवा वाटी बाळासाठी नको. मोठ्यांसाठी पितळी भांडे वापरायचेच असेल तर आतून कल्हई हवी, आणि ताक, चिंच, लिंबू त्यात ठेवू नये.

३. मुलांच्या काविळीचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण अजूनही दूषित पाण्यातून येणारा विषाणू हेच आहे. पावसाळ्यात पाणी उकळून द्या. जन्मल्यावर चोवीस तासांत द्यायची हिपॅटायटिस बी ची लस चुकवू नका.

४. तापाचे पॅरासिटामॉल वजनाप्रमाणेच द्या. आईने एक चमचा, आजीने एक चमचा, मामाने दुकानातून आणलेले आणखी एक, असे होऊन यकृत निकामी झालेली मुले असतात. काविळीवर नाकात थेंब, झाडपाल्याचा रस असले प्रयोग मुलांवर करू नका.

५. पोट वाढते आहे पण अंग वाळते आहे, मूल सतत किरकिरे आहे, अशा वेळी 'पोट सुटलंय' म्हणून स्वस्थ बसू नका. कावीळ झालेले मूल फार झोपू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, बरळू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, तर एक रात्रही थांबू नका. शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि तिथून पुढे पाठवले तर त्याच गाडीने जा. यकृत निकामी होण्याच्या आजारात दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

६. डॉक्टरांकडे जाताना न लाजता सगळे सांगा. कोणते दूध, कोणते भांडे, कोणती मुळी, कोणत्या बाबाचे पाणी, शेतात फवारणी कधी झाली, मूल कुठे खेळले, शेजारी कोणाचे मूल असेच आजारी आहे का. रिकाम्या बाटल्या आणि उरलेली शेंग-पान बरोबर आणा. आशाताईंनाही सांगा. एका गावात दोन मुले एकसारखी आजारी पडली, हे आधी त्यांच्याच लक्षात येते.

चांगल्या चांगल्या रुग्णालयांतही कित्येक मुलांच्या यकृतविकाराचे कारण शेवटपर्यंत सापडत नाही. पण ज्या आजारांचे सापडले, त्यांचा पहिला दुवा बहुतेक वेळा घरच्या माणसाच्या तोंडूनच आलेला आहे. पुण्यात ते आयांनी सांगितले, बिजनौरमध्ये मुलांच्या घरच्यांनी.

त्या सासूबाई परवा पुन्हा आल्या होत्या, स्वतःचे गुडघे दाखवायला. मी न विचारताच म्हणाल्या, "दूध आता स्टीलमध्येच. पातेलं टाकलं नाही हो, अंघोळीच्या पाण्याला लावलंय. सासूची आठवण आहे." मला बरे वाटले.

वाचकहो, माळ्यावरचे असेच एखादे भांडे तुमच्याही घरात खाली आले असेल. आज एकदा त्याच्या आत वाकून पाहा. रुपेरी दिसले तर कल्हई आहे. पिवळे दिसले, तर बाळाचे दूध आजच दुसऱ्या भांड्यात काढा.